‘मुलूक’ : एका शब्दाचा आणि भिवंडीच्या परतीच्या वाटेचा इतिहास

१

भिवंडी शहराविषयी जे लेखन झाले आहे ते बहुतांशी आगमनांचा इतिहास सांगणारे आहे. कल्याण बंदराच्या शेजारी, कामवारी नदीच्या काठी वसलेल्या या गावात कोकणी मुसलमान व्यापारी आले; १८५७ च्या उठावानंतरच्या दशकांत उत्तर हिंदुस्थानातून मोमीन विणकर आले; विसाव्या शतकात हातमागाच्या जागी यंत्रमाग आला आणि त्याच्या पाठोपाठ तेलंगणातील पद्मशाली, पूर्व उत्तर प्रदेशातील आणि बिहारमधील कामगार आले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी संपानंतर कापड विणण्याचे काम मोठ्या प्रमाणावर यंत्रमागांकडे वळले व या ओघाला आणखी जोर चढला. हा क्रम सर्वपरिचित आहे. परंतु यातील प्रत्येक आगमनाच्या पोटात परतीची एक वाट होती आणि त्या वाटेने माणसे व पैसा एकसारखा उलट दिशेने वाहत होता, ही गोष्ट मात्र आपल्या इतिहासलेखनात तळटीपेपुरतीच उरली आहे.

प्रस्तुत लेखात त्या परतीच्या वाटेचा विचार करावयाचा आहे. त्यासाठी भिवंडीच्या दैनंदिन बोलण्यातील एक शब्द हाताशी घेतला आहे; तो म्हणजे ‘मुलूक’. परत जाणे हा भिवंडीच्या अर्थव्यवस्थेतील अपवाद नसून तिचा पायाच आहे. आणि असे असूनही त्या परतीची जबाबदारी कोणत्याही करारात वा कायद्यात पुरतेपणी कोणी स्वीकारलेली नाही, एवढेच येथे दाखवावयाचे आहे.

२

‘मुलूख’ हा शब्द मराठीत फार्सीच्या द्वारे आला. त्याचे मूळ अरबी ‘मुल्क’ असून राज्य, सत्ता, सत्तेखालील प्रदेश असा त्याचा अर्थ आहे. मराठीने शेवटचा वर्ण महाप्राण केला आणि शब्दाला राजकीय व्यवहारात रुळवले. मुलूखगिरी म्हणजे परक्या प्रदेशावरील स्वारी. ‘मुलखावेगळा’ म्हणजे सर्व जगाहून निराळा. विजापूरच्या ज्या तोफेचे नाव ‘मलिक-ई-मैदान’, म्हणजे रणांगणाचा स्वामी, असे आहे तिला मराठी माणसाने ‘मुलूखमैदान’ करून टाकले, यावरून हा शब्द आपल्या तोंडात किती बसला होता हे कळून येते.

मराठी ‘मुलूख’ हा असा राज्यकर्त्याच्या नजरेतून पाहिलेला प्रदेश आहे. आजच्या उर्दूत ‘मुल्क’ म्हणजे राष्ट्र. भिवंडीच्या कारखान्यांत बोलल्या जाणाऱ्या हिंदीतला ‘मुलूक’ मात्र या दोहोंहून वेगळा आहे. तेथे ‘मुलूक’ म्हणजे कामगाराचे मूळ गाव, फार तर त्याचा जिल्हा. बस्तीचा किंवा दरभंग्याचा कामगार ‘मुलूक जा रहा हूँ’ म्हणतो तेव्हा तो राष्ट्राविषयी बोलत नसतो. ज्या घरात त्याची आई, बायको आणि मुले आहेत त्या घराविषयी बोलत असतो. त्याच्या वाक्यात मुलुकाला विभक्तिप्रत्यय लागत नाही, ‘माझ्या’ हे विशेषणही लागत नाही. हिंदीत ‘घर जाना’ म्हणतात त्याच घडणीचा हा प्रयोग आहे. मराठीतील ‘गावी जाणे’ व ‘माहेरी जाणे’ यांतही अर्थाचा असाच जिव्हाळा दिसतो. सत्तेचा शब्द येथे आप्तांचा शब्द झाला आहे. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ‘मालक’ या शब्दाचे मूळ अरबी ‘मालिक’; आणि ‘मालिक’ व ‘मुल्क’ हे दोन्ही म-ल-क या एकाच धातूपासून झालेले आहेत. मागाचा मालक आणि माग चालविणाऱ्याचा मुलूक ही एकाच धातूची दोन रूपे होत. एकाची सत्ता शहरात आहे. दुसऱ्याला आपले म्हणण्याजोगे जे काही आहे ते हजाराहून अधिक किलोमीटर दूर आहे.

‘वतन’ या शब्दाचा प्रवास याच्या उलट झाला. अरबीत व उर्दूत वतन म्हणजे जन्मभूमी, मायभूमी. मराठीत मात्र त्याचा अर्थ वंशपरंपरागत हक्क, त्या हक्काची जमीन आणि तिचे उत्पन्न असा झाला. उर्दूने ज्या शब्दात भावना पाहिली त्यात मराठीने हक्क पाहिला. या हक्काचे एक वैशिष्ट्य आपल्या विषयाला लागू पडणारे आहे. मराठेशाहीतील मिरासदार दुष्काळात किंवा धामधुमीत परागंदा झाला तरी त्याची मिरास लगेच बुडत नसे. कित्येक वर्षांनी परतूनही तो आपल्या जमिनीवर हक्क सांगू शके. उलट ‘उपरी’ कूळ बाहेरून आलेले असे. ते जमीन कसत असेतोवर गावचे, एरव्ही नाही. परतण्याचा हक्क असणारा तो मिरासदार आणि तसा हक्क नसणारा तो उपरी, असा भेद आपल्या ग्रामव्यवस्थेने स्पष्ट केला होता. या परिभाषेत सांगावयाचे तर भिवंडीचा यंत्रमाग कामगार शहरात उपरी आहे आणि मुलुकात मिरासदार आहे, मग तेथे त्याच्या नावावर बिघाभर जमीन का असेना.

३

मोमीन विणकरांचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. आझमगड, मऊ, बनारस या भागांतील विणकर १८५७ नंतरच्या दडपशाहीमुळे, दुष्काळांमुळे आणि विलायती कापडाने धंदा बुडविल्यामुळे दक्षिणेकडे निघाले व बऱ्हाणपूर, मालेगाव, धुळे, भिवंडी येथे विसावले. गावांची ही माळ त्यांच्या वाटेची खूणच होय. ती पिढी आली ती बहुतांशी कुटुंबासह आणि मागसामानासह. परतण्याच्या इराद्याने नव्हे. त्यांच्या वंशजांत आज मऊ किंवा आझमगड हे कुळाच्या हकिकतीत येते, ‘मुलूक’ म्हणून क्वचितच येते. मुलूक हा शब्द भिवंडीत वापरावयाचा तो नव्याने आलेल्यांनी. एखाद्या घराण्याने ‘मुलूक’ म्हणणे केव्हा सोडले हे ठरविता आले, तर ते घराणे भिवंडीचे केव्हा झाले हेही सांगता येईल. जनगणनेच्या कोष्टकात हा क्षण सापडत नाही, भाषेत सापडतो.

रेल्वेने मात्र या चित्रात मूलभूत फरक केला. १८५४ साली लोहमार्ग कल्याणपर्यंत पोचला आणि १८७० साली जबलपूर–अलाहाबादमार्गे मुंबई व कलकत्ता ही शहरे जोडली गेली. पायी जाणाऱ्याला जे अंतर तोडावयास महिने लागत ते आता काही दिवसांचे झाले. त्यामुळे कुटुंब गावी ठेवून एकट्याने कामाला येणे आणि शेतीच्या किंवा लग्नसराईच्या दिवसांत परत जाणे शक्य झाले. आगगाडीने कामगाराला शहरात आणले असे आपण म्हणतो. तिने त्याला गावाचाच राहू दिले, हेही तितकेच खरे आहे. कोकणातील चाकरमान्याने मुंबईच्या गिरणगावात हेच केले. त्याची बोट होती, याची रेल्वे.

४

एकट्याने राहणाऱ्या कामगाराचा पगार दोन ठिकाणी खर्च होतो. भिवंडीत त्यातील पहिला वाटा भिस्सीचा. मराठीत ‘भिशी’ म्हणजे ठरावीक लोकांनी दरमहा वर्गणी जमवून ती पाळीपाळीने उचलण्याची पद्धत. भिवंडीत मात्र भिस्सी म्हणजे कामगारांची उधारीवर चालणारी खानावळ. दिवसपाळी करून आलेल्याने रात्रपाळीला गेलेल्याची जागा झोपण्यास घ्यावी आणि दोघांनी एकाच भिस्सीत जेवावे, हा येथील रिवाज. खोली आणि भिस्सी यांचे देणे चुकते केल्यावर जे उरते ते मुलुकाचे. शहर कामगाराला एका माणसाच्या पोटापुरते पोसते. बाकीचे कुटुंब उरलेल्या रकमेवर आणि गावच्या शेतीवर जगते. कामगाराचे बालपण गावाने काढलेले असते, त्याचे आजारपण आणि म्हातारपणही गावच काढणार असते. शहर फक्त त्याच्या कामाच्या वर्षांची किंमत देते. यंत्रमागाचे कापड स्वस्त पडते याचे एक कारण सुताच्या भावात शोधले जाते. दुसरे या विभागणीत शोधावयास हवे.

उरलेली रक्कम गावी पोचविण्याचे राजमान्य साधन म्हणजे मनीऑर्डर. भारतीय टपाल खात्याने ती १८८० साली सुरू केली. तिच्यापूर्वी आणि तिच्यासोबतही ओळखीच्या माणसाबरोबर पैसे धाडणे चालूच होते. मनीऑर्डरीने दोन नव्या गोष्टी आणल्या. पहिली म्हणजे फॉर्मच्या तळाशी असलेली निरोपापुरती जागा. त्या चार बोटांच्या जागेत लिहिणाऱ्याला आपले सारे सांगणे बसवावे लागे, आणि पुष्कळदा लिहिणारा दुसराच कोणी असे. दुसरी गोष्ट म्हणजे पोच. पैसे मिळाल्याची सही किंवा अंगठा घेऊन तो कागद पैसे पाठविणाऱ्याकडे परत येई. गावाकडून शहरात येणारी ती एकमेव पावती, आणि तिच्यावर आईचा किंवा बायकोचा अंगठा. रत्नागिरी जिल्ह्याला ‘मनीऑर्डरवर जगणारा जिल्हा’ म्हणण्याचा प्रघात आपल्याकडे होता. त्याच अर्थाने पूर्व उत्तर प्रदेशातील कित्येक गावांचा चरितार्थ मुंबई, भिवंडी आणि सुरतेवर चाले. पुढे संगणकीय मनीऑर्डर आली, बँकांची खाती आली, आता मोबाइलवरून क्षणार्धात रक्कम जाते. सोय निश्चितच वाढली. परंतु निरोप आणि अंगठा हे दोन्ही त्या व्यवहारातून गळून पडले. इतिहासाच्या अभ्यासकाचा एक दस्तऐवज त्यामुळे बंद झाला आहे.

येथे भिवंडीतील आणखी एका ओघाचा उल्लेख केला पाहिजे. या तालुक्यातील व एकंदर कोकण किनाऱ्यावरील कोकणी मुसलमान घराण्यांचे पुरुष आफ्रिकेत आणि पुढे अरबी आखातात नोकरीस गेले. शहराच्या एका भागातून पैसा उत्तरेकडे जात होता तेव्हा दुसऱ्या भागात तो समुद्रापलीकडून येत होता. एकच शहर एकाचे परदेश होते आणि दुसऱ्याचे मायदेश.

५

परत पाठविण्याला मराठीत ‘पाठवणी’ हा शब्द आहे आणि त्यात सन्मानाची अपेक्षा आहे. लेकीची पाठवणी रिकाम्या हाताने होत नाही. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण–भिवंडी घेतल्यानंतर कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेला साडीचोळी देऊन सन्मानाने परत पाठविल्याची कथा मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. समकालीन साधनांत तिला भक्कम आधार मिळत नाही. तथापि परक्या माणसाला त्याच्या घरी कसे पोचवावे याविषयी मराठी मनाची जी धारणा आहे ती या कथेत उमटली आहे, म्हणून लोकस्मृतीचा पुरावा या नात्याने तिचे मोल आहे. सामर्थ्य ज्याच्या हाती आहे त्याने परतीचा भार उचलावा, ही ती धारणा होय.

ही अपेक्षा करारात उतरली काय, हा खरा प्रश्न आहे. तिचे सर्वांत जुने आधुनिक उदाहरण विलक्षण ठिकाणी मिळते. १८३४ पासून हिंदी मजूर गिरमिटावर मॉरिशसला जाऊ लागले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले कोकणातील मराठी भाषकही होते. गिरमिट पद्धती ही गुलामगिरीची वारस होती यात शंका नाही. तरीही तिच्या करारांत मुदत संपल्यावर मायदेशी परत येण्याच्या भाड्याचे कलम असे. मॉरिशसमध्ये १८५० नंतर थोड्याच वर्षांत हा हक्क काढून घेण्यात आला. फिजीत तो दहा वर्षांच्या वास्तव्यानंतर मिळे. कागदावरचा हक्क पुरेसा नसतो हेही याच इतिहासाने दाखविले. परत आलेल्या अनेकांना गावाने सामावून घेतले नाही; कलकत्त्याजवळील मटियाबुर्ज येथे असे शेकडो लोक पुन्हा वसाहतीत नेणाऱ्या बोटीची वाट पाहत हालात राहिले. भवानी दयाल संन्यासी व बनारसीदास चतुर्वेदी यांनी १९३१ साली परत आलेल्यांच्या स्थितीवर अहवाल लिहिला. परतीचे भाडे आणि परतल्यावरचे जगणे हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हा त्या अनुभवाचा बोध होय.

स्वतंत्र भारतात आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ साली कायदा झाला. घर सोडून येण्याबद्दल विस्थापन भत्ता, येण्याजाण्याचे भाडे आणि प्रवासाच्या दिवसांची मजुरी, असे त्यात स्पष्टपणे सांगितले होते. परंतु कायद्याने संरक्षण दिले ते कंत्राटदारामार्फत भरती झालेल्या कामगाराला. भिवंडीचा कामगार सामान्यतः गाववाल्याच्या, मेहुण्याच्या किंवा चुलत्याच्या ओळखीने येतो. त्याला आणणारा कंत्राटदार कागदोपत्री नसतो. शिवाय माग लहानलहान नावांत विभागलेले असल्याने आस्थापनाची मर्यादाही पुष्कळदा ओलांडली जात नाही. ज्या नात्यागोत्याने कामगाराला शहरात आधार दिला त्याच नात्यागोत्यामुळे तो कायद्याच्या बाहेर राहिला. संसदेने २०२० साली संमत केलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत स्वतःहून आलेल्या कामगारालाही व्याख्येत घेतले आहे आणि मूळ गावी जाण्यायेण्याच्या भाड्याची तरतूद मालकावर टाकली आहे. ही सुधारणा खरी. मात्र असे दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनाच ती लागू असल्याने भिवंडीच्या छोट्या कारखान्यांपुढे जुनाच प्रश्न उभा राहतो.

६

परतीच्या वाटेची परीक्षा संकटकाळी होते. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा शहराची वस्ती आठ लाखांहून अधिक होती. १८९७ च्या आरंभीच्या महिन्यांपर्यंत त्यांपैकी जवळजवळ निम्मे लोक शहर सोडून गेले. कल्याण स्थानकावर प्रवाशांची वैद्यकीय तपासणी होत असे. गिरण्या ओस पडू लागल्या तेव्हा कामगारांना टिकविण्यासाठी मालकांना रोजच्या रोज मजुरी देणे भाग पडले. या घटनेत एक महत्त्वाचे तत्त्व आहे. कामगार परत जाऊ शकत होता म्हणूनच त्याच्या शब्दाला वजन आले. मुलूक हा केवळ आश्रय नव्हता; काम नाकारण्याची ती त्याची एकमेव ताकद होती.

२०२० साली हेच तत्त्व उलट्या बाजूने सिद्ध झाले. २४ मार्चच्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली, माग थांबले आणि गाड्याही थांबल्या. मागांबरोबर मजुरी गेली आणि मजुरीबरोबर भिस्सीची उधारी. जाण्याची वाट बंद आणि राहण्याचे साधनही बंद, अशी अवस्था मुंबई–आग्रा रस्त्याने पूर्वी कधी पाहिली नसेल. मोमीनांचे पूर्वज ज्या रस्त्याने दक्षिणेकडे आले त्याच रस्त्याने कामगार सामान डोक्यावर घेऊन कसारा घाट चढून उत्तरेकडे चालू लागले. १ मे रोजी श्रमिक विशेष गाड्या सुरू झाल्या आणि पहिल्या दोन-तीन दिवसांतच एक गाडी भिवंडी रोड स्थानकावरून गोरखपूरकडे निघाली. ८ मे रोजी औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली सापडून मरण पावले. ते जालन्याहून मध्य प्रदेशातील आपल्या गावांकडे चालले होते. त्यांचे देह विशेष गाडीने गावाकडे रवाना झाले. जिवंतपणी जी गाडी मिळाली नाही ती मृत्यूनंतर मिळाली.

भाडे कोणी द्यावयाचे हा प्रश्न कित्येक आठवडे लोंबकळत राहिला. २८ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने कामगारांकडून भाडे घेऊ नये असा आदेश दिला. ऑगस्टअखेरपर्यंत या गाड्यांतून देशभर सुमारे ६३ लाख लोकांनी प्रवास केला. कर्नाटक सरकारने मेच्या पहिल्या आठवड्यात अशा गाड्यांची मागणी मागे घेतली होती आणि टीका झाल्यावर ती पुन्हा केली होती. कामगार गेले तर बांधकामे बंद पडतील ही भीती त्यामागे होती, असे तेव्हा बोलले गेले. १८९७ साली कामगार थांबावा म्हणून मजुरी देण्याची पद्धत बदलली. २०२० साली गाडी थांबविली गेली. परतीचा हक्क हा श्रमाच्या सौद्यातील किती मोठा घटक आहे हे या दोन तारखा शेजारी ठेवल्या म्हणजे कळते.

शब्दांतही भेद राहिलाच. १९९० साली कुवेतवर इराकने आक्रमण केल्यावर तेथील सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना विमानांनी आणण्यात आले. २०२० च्या मेमध्येही परदेशी अडकलेल्यांसाठी मोहीम निघाली. ते ‘मायदेशी परतलेले नागरिक’ होते. भिवंडीहून निघालेले मात्र ‘स्थलांतरित मजूर’. दोघेही आपल्या मुलुकालाच चालले होते. परंतु एकाच्या परतीला राष्ट्राचा सन्मान होता, दुसऱ्याच्या परतीकडे कायदा-सुव्यवस्थेचा आणि आरोग्याचा प्रश्न म्हणून पाहिले गेले.

७

या विवेचनातून अभ्यासाची पुढील दिशा सूचित होते. भिवंडीच्या परतीच्या वाटेची साधने शासकीय दप्तरांत थोडी आणि खोल्यांतील पत्र्याच्या पेट्यांत अधिक आहेत. मनीऑर्डरीच्या पोचा, पोस्टकार्डे, भिस्सीच्या उधारीच्या वह्या, कारखान्यांतील हजेरीची पुस्तके ही ती साधने होत. पोचा येणे बंद झाले आहे. वह्या भिस्सीबरोबर रद्दीत जात आहेत. आणि शहराच्या वेशीवर मागांच्या जागी गोदामे उभी राहत असल्याने कामगारांचे मुलूकही बदलत आहेत. पद्मनगरच्या तेलुगू भाषकांत, मोमीन मोहल्ल्यांत आणि नव्या गोदाम-कामगारांत मूळ गावासाठी कोणते शब्द चालतात, ते किती पिढ्या टिकतात, आणि कोणत्या प्रसंगी टाकून दिले जातात, याची पद्धतशीर नोंद पदव्युत्तर विद्यार्थ्यांना अल्प साधनांत करता येण्यासारखी आहे. ती करताना ‘मुलूक’ हा शब्द केवळ बोलीतील नमुना म्हणून टिपू नये. त्याच्यामागे पगाराचा हिशोब आहे, प्रवासाचे भाडे आहे आणि ते कोणी द्यावयाचे हा न सुटलेला वाद आहे. मिरासदाराला परतण्याचा हक्क देणारी आणि उपऱ्याला तो नाकारणारी व्यवस्था आपण इतिहासात शिकवितो. तिचा आजचा अध्याय आपल्या विद्यापीठापासून फार दूर नाही.